उशापाशी ठेवलेली जोडी

स्पीकरच्या दुकानात उभी हयात घालवली असं सांगितलं की लोक आधी माझ्या कानांकडे बघतात. एका लग्नात तर वरमाईंनी विचारलंच, "मग तुम्हाला ऐकू येतं ना नीट?" येतं. तुमच्यापेक्षा जरा जास्तच येतं. कारण मी जन्मभर मोठा आवाज विकला नाही, हळू आवाज विकला. दिल्लीत हा धंदा करणं म्हणजे हलवायांच्या गल्लीत कारल्याचा रस विकायला बसणं होतं. पण मी बसले, आणि माझं दुकान चाललं, हे आधीच सांगून टाकते. नम्रपणा मला कधी नीट जमला नाही.

वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. शाळा पहाडगंजची, मराठी माध्यमाची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि जुन्या दिल्लीच्या बाजारात खुराना साहेबांच्या दुकानात दुरुस्तीच्या बाकड्यावर चिकटले. खुराना साहेबांचा सगळा व्यवहार वरातींशी आणि रात्रभर चालणाऱ्या देवीच्या जागरणांशी. माणसाच्या उंचीचे भोंगे, त्यांच्यासमोर उभं राहिलं की साडीचा पदर हलायचा. गिऱ्हाईक आत आलं की माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारायचं, "मॅडम जी, कोई जेंट्स नहीं है?" मी म्हणायचे, "हैं ना. चाय पीने गए हैं. तब तक मुझसे पूछ लीजिए." चहा पिऊन ते जेंट्स कधी परत आले नाहीत, आणि हळूहळू लोकांनी त्यांची चौकशी करणंही सोडलं.

मग बाजार खुला झाला. परदेशी माल उघड मिळायला लागला, कंपन्या आल्या, आणि यमुनेपलीकडे, गुडगावकडे, फरीदाबादकडे शेतांतून सोसायट्या उगवल्या. घरं नवीकोरी, लिफ्ट चकचकीत, भिंती मात्र एकाच विटेच्या. शेजारच्या घरात डाळीला फोडणी दिली की आपण शिंकायचं. अशा घरांत अमेरिकेतल्या भावाने पाठवलेला, नाहीतर मुलांच्या परीक्षेनंतर कबूल केलेला कीबोर्ड येऊन पडला. शेजाऱ्यांना न उठवता तो वाजवायचा कसा, हा प्रश्न मग माझ्याकडे यायला लागला. खुराना साहेबांना मी म्हटलं, आपण छोटे स्टुडिओ मॉनिटर ठेवू या. ते म्हणाले, "बेटा, दिल्ली में आवाज़ बिकती है, ख़ामोशी कौन ख़रीदेगा?" तरी एक कोपरा त्यांनी मला दिला. पुढे मी नोएडात स्वतःचं दुकान काढलं तेव्हा फीत कापायला तेच आले होते आणि आत शिरल्या शिरल्या म्हणाले, "इतनी शांति? किसी की तबीयत खराब है क्या?"

स्टुडिओ मॉनिटर म्हणजे काय, ते एकदा सांगते. घरातला नेहमीचा म्युझिक सिस्टम गोडबोल्या नातेवाइकासारखा असतो. खालचे सूर जरा फुगवायचे, वरचे जरा चमकवायचे, ऐकणारा खूश. मॉनिटर तोंडावर खरं बोलतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी तो बनवलेला असतो, त्यामुळे जे वाजलं तेच तो सांगतो. हळू वाजवणाऱ्याला हाच उपयोगी, कारण आवाज कमी केला की आपल्या कानातून आधी खालचे सूर नाहीसे होतात. डाव्या हाताने काय वाजवलं ते कळेनासं होतं, मग माणूस आवाज वाढवतो आणि शेजारी दार वाजवतो. म्हणून मोठा स्पीकर लांब ठेवण्यापेक्षा लहान जोडी जवळ ठेवायची, कानाच्या उंचीला, भिंतीपासून सुटी. कोपऱ्यात तर मुळीच नाही, तिथे खालचे सूर उगाच घुमतात. आणखी एक, काही स्पीकर कोणी वाजवत नसतानाही सूंऽऽ करत बसतात. दुकानाच्या गोंगाटात ते कळत नाही, घरी शांततेत डोकं उठवतात.

दुकानात दोन जोड्या शेजारी ठेवून ऐकल्या तर जिचा आवाज किंचित मोठा तीच चांगली वाटते. हे प्रत्येक विक्रेत्याला माहीत असतं आणि बहुतेक जण त्याचा फायदा घेतात. मी उलटं करायचे. आवाज इतका उतरवायचे की गिऱ्हाईक आणि मी कुजबुजत बोलू शकू, आणि मग विचारायचे, आता डावा हात ऐकू येतोय का? ज्या जोडीत येईल ती घ्या. यातल्या अर्ध्या लोकांना मी जोडी न देता हेडफोन देऊन परत पाठवलं. मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एकट्या मुलाला स्पीकर कशाला हवेत? तरी पुण्याहून आलेल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने हट्टाने नेलेच आणि चौथ्या दिवशी तणतणत आला. "मॅडम, डावा स्पीकर फाटलाय यार. ठराविक एकाच सुराला झणझणतो." मी त्याच्या खोलीवर गेले. स्पीकर लोखंडी कपाटावर ठेवलेला, शेजारी आईने दिलेला स्टीलचा लाडवांचा डबा, त्यात एकच लाडू उरलेला. डब्याचं झाकण झणझणत होतं. लाडू मी खाल्ला, डबा खाली ठेवला, तक्रार मिटली.

मात्र या व्यवसायात मी खरं काय केलं असं कोणी विचारलं, तर मी रूथमावशींचं घर सांगते.

रूथ अमोलिक. मूळच्या नगरच्या, यजमान भास्करराव दिल्लीतल्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले, फरीदाबादच्या नव्या सेक्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर घर. दुकानात आल्या तेव्हा साठी उलटलेली होती. पांढरी सुती साडी, खांद्याला पर्स, आणि माझं मराठी कानावर पडताच त्यांनी सरळ स्टूल ओढून बसकण मारली.

"कीबोर्डला स्पीकर हवेत. पण आवाज खाली जाता कामा नये."

मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. "मावशी, खर्चात पडू नका. चांगला हेडफोन घ्या. कोणाला काही कळणार नाही."

"अच्छा. आणि यांना कसं ऐकू येणार?"

मग सगळं कळलं. वर्षापूर्वी भास्कररावांना पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांचा पलंग हॉलमध्येच लावला होता. घास पुढे केला की ते तोंड फिरवत. एका सकाळी मावशींनी आपलं मन रमवायला कीबोर्डवर चर्चमधली जुनी गीतं वाजवली आणि मग सहज पेजेची वाटी पुढे केली, तर त्यांनी तोंड उघडलं. तेव्हापासून रोजचा नेमच झाला. सकाळी आणि दुपारी आधी वाजवायचं, मग भरवायचं. न वाजवता भरवायला गेलं की पुन्हा तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले होते, खाणं सुटलं तर मी काही करू शकणार नाही.

आणि खालच्या मजल्यावर राहत होती श्वेता, ओखल्याच्या कॉल सेंटरमधली मुलगी. रात्रभर अमेरिकेची गाऱ्हाणी ऐकायची आणि सकाळी कंपनीची गाडी तिला दारात सोडायची. मावशींची वाजवायची वेळ तीच तिची झोपायची वेळ. तिने दोनदा तक्रार केली होती. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले होते, "आंटी जी, बच्ची की नौकरी का सवाल है. एक शिकायत और आई तो बाजा हटवाना पड़ेगा."

"त्या पोरीचं चुकतंय असं मी नाही म्हणत," मावशी म्हणाल्या, "पण मी काय करू, सांगा."

मी तीन जोड्या व्हॅनमध्ये घालून फरीदाबाद गाठलं. माझा नियमच होता, खोली बघितल्याशिवाय जोडी द्यायची नाही. हॉल लांबट. एका टोकाला कीबोर्ड, थेट जेवणाच्या टेबलावर ठेवलेला. दुसऱ्या टोकाला खिडकीखाली पलंग, त्यावर भास्करराव, पायांवर जुनी ठिगळाठिगळांची गोधडी. कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर छताकडे तोंड करून. पलंगापर्यंत काही पोचवायचं तर आवाज भरपूर चढवावाच लागे.

पुस्तकात लिहिलेलं असतं की दोन स्पीकर आणि वाजवणाऱ्याचं डोकं यांचा त्रिकोण व्हायला हवा. मी तिथे उभी राहिले आणि मनात म्हटलं, पण इथे ऐकणारा वाजवणारा नाहीच. मी सगळ्यांत लहान जोडी काढली आणि पलंगाच्या डोक्याशी दोन लहान फळ्या ठोकून उशीच्या दोन्ही बाजूंना लावली, रबराच्या तुकड्यांवर, तोंडं भास्कररावांच्या कानांकडे. वायर भिंतीच्या कडेने कीबोर्डपर्यंत नेली. टेबलावरून कीबोर्ड उतरवून स्टँडवर ठेवला. स्पीकर कानापासून हातभर अंतरावर असले की कुजबुजीएवढा आवाजही पुरतो.

"मावशी, तुम्हाला तिकडे जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही," मी म्हटलं.

"मला कशाला ऐकू यायला हवं? मला सगळं पाठ आहे."

त्या वाजवायला लागल्या. मी पलंगाशी वाकून ऐकलं. स्वच्छ, हळुवार, डाव्या हाताचा एकेक सूर वेगळा. भास्कररावांची नजर मावशींकडे लागली आणि त्यांचा डावा हात पलंगावर हलायला लागला, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. ताल धरताहेत, मला वाटलं. मी खुशीत घरी आले. अशी जोडणी दिल्लीत दुसऱ्या कोणी केली नसेल, असं नवऱ्याला दोनदा ऐकवलंही.

आठवडाही झाला नसेल, मावशींचा फोन. आवाज पार बसलेला. "ताई, ती पोरगी पुन्हा आली होती. रडत होती हो. म्हणाली, आता मी लिहूनच देणार."

माझा विश्वास बसेना. त्या जोडीचा आवाज पलंगाखालच्या मांजरालाही ऐकू गेला नसता. मी तशीच निघाले, पण या वेळी वर गेले नाही. मावशींना फोनवर सांगितलं, मी खाली आलेय, पाच मिनिटांनी तुम्ही सुरू करा. आणि श्वेताचं दार वाजवलं.

दार उघडलं तेव्हा डोळे लाल, केस विस्कटलेले. वाटलं होतं भांडखोर असेल. होती ती माझ्या भाचीएवढी. मी कोण ते सांगितलं, म्हटलं, मला तुझ्या खोलीत बसून ऐकू दे. तिने खुर्ची पुढे केली.

वर वाजवणं सुरू झालं असणार, पण मला सूर एकही ऐकू येईना. मी म्हटलं, "म्यूज़िक तो आ ही नहीं रहा."

"मैडम, म्यूज़िक से मुझे क्या प्रॉब्लम? म्यूज़िक तो कभी ठीक से सुनाई ही नहीं दिया. ये सुनिए ना, ये!"

मग मला ऐकू आलं. छतातून येत होतं. धप... धप. धप... धप. कोणीतरी एकाच जागी उभं राहून चालतंय तसं. थांबत नव्हतं आणि एका लयीत होतं. अशा आवाजात झोप लागणं शक्यच नव्हतं.

मी जिने चढून वर गेले. दार लोटलेलंच होतं. मावशींची पाठ माझ्याकडे, बोटं मजेत चाललेली. मी खाली बघितलं. अनवाणी पाय, आणि दोन्ही पाय आळीपाळीने वर जात होते, खाली येत होते, टाच पूर्ण जोराने फरशीवर.

"मावशी, पाय!"

"पायांचं काय?" त्या थांबल्या. पायही थांबले.

"तुम्ही पाय आपटताय."

"मी? छे!"

मी म्हटलं, वाजवा. त्या वाजवायला लागल्या आणि दोन ओळींच्या आत पाय पुन्हा सुरू. या वेळी त्यांनी स्वतःच खाली बघितलं आणि तोंडावर हात धरला. "अगं बाई! मी भाता मारतेय!"

नगरला त्यांच्या चर्चमध्ये पायपेटी होती. दोन पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी वाजवायचं, पाय थांबले की सूर मेला. वयाच्या दहाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत, आणि पुढे दिल्लीच्या चर्चमध्येही कित्येक वर्षं त्यांनी तीच वाजवली होती. आता कीबोर्डला वीज होती, भात्याची गरज उरली नव्हती, पण ते पायांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात पलंगावरून घोगरा आवाज आला. भास्करराव हसत होते, अर्ध्या ओठांनी, आणि डावा हात हलवत होते. एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. तो ताल नव्हताच. ते पाय होते. पलंगावर आडवं पडलं की कीबोर्डखालचे मावशींचे पाय बरोबर नजरेसमोर येत.

"हे गायला उभे राहायचे ना, यांची जागा पेटीच्या बाजूलाच असायची," मावशी म्हणाल्या, आणि त्या वयातही लाजल्या. "लग्नानंतर सांगितलं मला, गीतं सोडून मी तुझ्या पायांकडेच बघायचो म्हणून." ते आम्हाला पाय दाखवत होते की नुसते बघून आनंदात होते, हे मला आजही ठाऊक नाही.

उपाय सोपा वाटला. पाय हलवायचे नाहीत. मावशींनी पायावर पाय घट्ट धरला आणि वाजवलं. सगळे सूर बरोबर, आणि गीत मात्र निर्जीव. जिथे श्वास घ्यायचा तिथे त्या थांबेनात, पुढे धावत सुटल्या. इतकी वर्षं ते गीत त्यांच्या पायांनी उचलून धरलेलं होतं. भास्कररावांनी तोंड भिंतीकडे वळवलं. पुढे केलेली वाटी तशीच परत गेली, आणि मावशी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडल्या. स्पीकर विकणाऱ्या बाईने अशा वेळी काय बोलायचं असतं, ते कोणत्याच डिप्लोमात शिकवत नाहीत. मी भांडी आवरली.

मग म्हटलं, पाय हलू देत. फक्त फरशीला कळता कामा नये. व्हॅनमधून जाड रबराची चटई आणली, ती अंथरली, त्यावर टाच मारून बघितली. कमी झालं, पण गेलं नाही. वरून काहीतरी मऊ, जाड, दडपलेलं हवं होतं. मी उशा मागितल्या, त्या सरकायला लागल्या. माझी नजर पलंगावरच्या गोधडीवर गेली, आणि मावशींनी ती ओळखली.

"नको हं. ती आमच्या सासूबाईंच्या हातची आहे. तिच्यावर पाय द्यायचा?"

पण भास्कररावांनी डाव्या हाताने गोधडीचा कोपरा पकडला. जोर लावून, धापा टाकत, स्वतःच्या पायांवरून ती ओढून काढली आणि पलंगाच्या कडेवरून खाली ढकलून दिली. मग मावशींच्या पायांकडे बोट केलं.

मावशींनी ती उचलून आधी कपाळाला लावली, मग चौपदरी घडी घालून मला दिली.

मी पुन्हा खाली श्वेताकडे गेले. दोघी बसून राहिलो. जरा वेळाने ती म्हणाली, "मैडम, आंटी को बोलिए ना, शुरू करें."

माझा फोन वाजला. मावशी होत्या. मी ऐकून घेतलं आणि श्वेताला सांगितलं, "शुरू क्या, दो गाने पूरे भी हो गए. अंकल खाना खा रहे हैं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खुर्चीत बसल्या बसल्याच झोपून गेली. मी दार ओढून घेतलं. वर जाऊन बघितलं तर वाटी रिकामी. त्या दिवशी फरीदाबादहून परत येताना मी व्हॅनमध्ये मोठ्याने गात होते, आणि माझा गळा कसा आहे हे खुराना साहेबांना विचारा.

भास्करराव त्यानंतर बरीच वर्षं होते. तक्रार पुन्हा आली नाही. श्वेताचं लग्न झालं, ती गेली. माझंही दुकान आता माझं राहिलेलं नाही. लोक घरबसल्या चित्र बघून स्पीकर मागवतात. माल स्वस्त मिळतो, मला त्याचं दुःख नाही. खोली बघायला कोणी जात नाही आणि खालच्या घरी जाऊन कोणी बसत नाही, याचं आहे. मला कळलेलं निम्म्याहून अधिक मला खालच्या घरात बसूनच कळलं.

दुकान सोडायच्या सुमारास मावशींचा फोन आला. भास्करराव गेल्याचं मला कळलं होतं, भेटूनही आले होते. "ताई, एक काम होतं. ती जोडी जरा माझ्याकडे आणून लावता का? हात अवघडलेत. पाठ आहे सगळं, पण आता थोडं विसरायला होतं. ऐकायला लागेल."

मी गेले. पलंग तिथेच होता, चादर ताणून घातलेली. उशीच्या दोन्ही बाजूंचे स्पीकर अजून उशीकडेच बघत होते. ते मी काढले, पुसले, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना मावशींच्या कानांच्या उंचीला लावले. आवाज होता तेवढाच ठेवला. मावशी बसल्या, गोधडीवर पाय ठेवले आणि वाजवायला लागल्या. पहिल्याच ओळीला थांबल्या. पुन्हा तीच ओळ वाजवली, आणि पुन्हा थांबल्या. त्या जोडीचा आवाज त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही नीट ऐकलेला नव्हता.

"ताई," त्या म्हणाल्या, "यांना हे असं ऐकू यायचं?"

"हो मावशी. रोज. अगदी असंच."

त्यांनी मान हलवली, पदराने डोळे पुसले, आणि गीत पहिल्यापासून सुरू केलं.